साळोखेदादांचा फोन

रविवारची दुपार. उज्ज्वला समोर बसून बघत होती म्हणून मी ताटातलं कसंबसं आत ढकललंय. भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर ताक. मी जेवताना माझी बायको हल्ली असा पहारा देते. ती उठून आत गेली की मी उरलेलं कचऱ्यात टाकतो, हे तिला पक्कं ठाऊक आहे. पण काय करू? अन्न बघितलं की पोटात ढवळतं. घशाशी आंबट येतं आणि जिभेवर दिवसभर पितळेची चव असते, जुनं भांडं चाटल्यासारखी. शी!

सोफ्यावर आडवा होतो. वर पंखा कुरकुरतोय आणि मांडीखाली फोन गरम लागतोय. हा फोन माझा नाही. साळोखेदादांचा आहे, आणि साळोखेदादा तर उन्हाळ्याच्या तोंडालाच वारले.

आमची पाण्याच्या मोटारी करणारी कंपनी आहे. दादा आणि मी तक्रार विभागात, शेजारशेजारच्या टेबलांना. मोटार जळाली, मोटार पाणी उचलत नाही, नुसता आवाज करते, माणूस पाठवा. शेतातली वीज कधीही येते, म्हणून तक्रारही कधीही येते. पहाटे येते, जेवताना येते, संडासात बसलं तरी येते. दादांनी वर्षानुवर्षं ती घेतली आणि एक दिवस ऑफिसच्या जिन्यात, फोन कानाला लावलेला असतानाच ते खाली बसले. परत उठलेच नाहीत. फोन पायरीवर पडला होता आणि त्यातून कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं. आमचे पाटकरसाहेब धावत आले, वाकले, फोन उचलला आणि म्हणाले, "हां, बोला." हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. माझं मळमळणं तिथपासून सुरू आहे.

त्या फोनचं कव्हर एकेकाळी पारदर्शक होतं, आता पिवळं पडलंय. कडेला दादांच्या बोटांची हळद आहे, कारण ते जेवताजेवताच फोन उचलायचे. मी ती स्पिरिट लावून घासली, जात नाही. तसाच तो दिवसभर कानाला लावतो आणि मेलेल्या माणसाचा घाम माझ्या गालाला लागतोय असं वाटत राहतं.

आज संध्याकाळी पाटकरसाहेब विचारणार आहेत. दादांचं काम आणि माझं काम, दोन्ही कायमचं माझ्या गळ्यात, आणि मी फक्त हो म्हणायचं. डॉक्टर म्हणतात असंच चाललं तर तुम्हीही एक दिवस जिन्यातच बसाल. पण नाही म्हणायला तोंड उघडत नाही, कारण मी शब्द दिलाय. तोही अशा ठिकाणी की जिथं दिलेला शब्द कुणी मागे घेत नाही. पापण्या जड होतात. पंख्याची कुरकुर लांब जाते, मग पाण्याच्या आवाजासारखी होते.

पायाशी कुणीतरी बसतं. सोफा खचतो.

"जरा सरक की लेका. सगळा सोफा तुझ्या बापाचा हाय का?"

साळोखेदादा आहेत. पांढरा शर्ट, वरचं बटण तुटलेलं, तसंच. पाय मात्र अनवाणी आणि ओले. मला भीती वाटत नाही. उलट आधी त्यांच्या ओल्या पायांकडे बघून वाटतं, उज्ज्वला ओरडणार, फरशी आत्ताच पुसलीय.

"दादा, तुम्ही इकडं कसे?"

"तुझ्या मांडीखालनं आलो. काय गरम हाय रं तिथं! चल, ऊठ."

मी पाय खाली सोडतो तर खाली फरशी नाही. घाटाची पायरी आहे, शेवाळलेली. समोर नदी, बुळबुळीत हिरवी, कडेला हारांचा चिखल आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. हा तोच घाट. इथंच दादांचा दहावा झाला.

त्या दिवशी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. सगळे भोवती घोळका करून उभे. झाडावर कावळे होते, खाली एकही उतरेना. दादांचा मुलगा हात जोडून म्हणाला, आईला अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. धाकटा भाऊ म्हणाला, पोरीचं लग्न मी करून देतो, दादा. तरी नाही. ऊन चढत गेलं. मग कुणीतरी म्हणालं, त्यांचा जीव कामात होता, ऑफिसचं कुणी आलंय का? पाटकरसाहेबांनी मला खांद्याला धरून पुढे ढकललं. मी म्हणालो, "दादा, तुमचं काम मी बघतो. काळजी करू नका." आणि कावळा उतरला. खाडकन चोच मारली त्याने भातात. बायका रडायला लागल्या, साहेबांनी येऊन माझी पाठ थोपटली. सोमवारी हा फोन माझ्या टेबलावर होता.

दादा आता त्याच पायरीवर माझ्याजवळ बसलेत. पुढ्यात पत्रावळ आहे, तिच्यावर भाताचा गोळा. काळे तीळ दिसतायत. ते नदीत हात धुतात, बोटं एकेक चोळून, नखांसकट. मग मांडी घालतात आणि घास घेतात. चावतात. चावतच राहतात. मी काहीतरी बोलायला जातो तर हातानेच गप्प करतात.

"दादा, तो पिंड आहे," मी न राहवून म्हणतो.

"मग? भातच की. मेल्यावर पहिल्यांदा नीट जेवलो मी, इलास. तवर भाताला चव असती हेच ध्यानात नव्हतं. तू खातोस का घासभर?"

मेलेल्या माणसाच्या पत्रावळीतला भात! मी तोंड फिरवतो. तर पलीकडच्या पायऱ्यांवर आमचं अख्खं ऑफिस मांडलेलं. टेबलं, खुर्च्या, चहाचं मशीन. सगळे जेवतायत, एका हाताने डबा आणि दुसऱ्या हाताने काम. कीबोर्डच्या फटीत शितं अडकलीयत आणि त्यांना मुंग्या लागल्यात. मशीनमधून चहा पडतोय, नदीसारखा हिरवट. त्यावर जाड साय धरलीय आणि ती कांबळेच्या मिशीला चिकटलीय. तो ती जिभेने ओढून आत घेतो आणि फोनवर म्हणतो, "हो साहेब, लगेच पाठवतो माणूस."

आणि मध्ये त्या बाई. मागच्या शनिवारी कंपनीने आमचा ताण घालवायला आणलेल्या. ताण घालवायला शनिवारी, सुट्टीच्या दिवशी! तेव्हाही त्यांनी आम्हाला ओळीत उभं करून हात वर करून मोठमोठ्याने हसायला लावलं होतं आणि साहेब कडेला उभं राहून कोण हसत नाही ते बघत होते. आता त्या पाण्यात गुडघाभर उभ्या आहेत.

"हसा! पोटातून हसा! हा, हा, हा! साळोखे, तुम्ही पण!"

"मी मेलोय बाई," दादा नम्रपणे सांगतात.

"सबबी नकोत!"

मला हसू येत नाही. मला त्या बाईंचा, साहेबांचा, चहाचा, मुंग्यांचा, कांबळेच्या मिशीचा, सगळ्याचा वीट आलाय, आणि सगळ्यांत जास्त माझा. कारण त्या शनिवारी मी हसलो होतो. सगळ्यात मोठ्याने.

"चल, शतपावली घालू," दादा पत्रावळ गुंडाळतात. "जेवल्यावर चाललं पायजे. हे मला आई सांगायची, बायको सांगायची, डॉक्टर सांगायचा. म्या कधी ऐकलं? आता रोज चालतो. इथं कुणी बोलवत न्हाई."

आम्ही चालतो. घाट संपत नाही, नुसता बदलत जातो. पायऱ्या ऑफिसच्या जिन्यासारख्या होतात, मग तो जिनाच होतो. तो कोपरा येतो, जिथं दादा बसले होते. भिंतीवर पानाच्या पिंका आहेत. तेव्हाही होत्या. माणूस तिथं मेला, पण त्या पिंका कुणी धुतल्या नाहीत. दादा त्या कोपऱ्याकडे बघतसुद्धा नाहीत, त्यावरून सरळ चालत जातात.

"दादा, मी तुमचं काम करतोय," मी मागून सांगतो. मला त्यांनी शाबासकी द्यावी असं वाटतं, याची मला लाज वाटते. "घाटावर शब्द दिला तसं. रात्रंदिवस करतोय. जेवण जात नाही, झोप येत नाही, उज्ज्वलाशी धड बोलणं नाही. पण तुमचं एकही काम मागे ठेवलं नाही मी."

दादा थांबतात. वळून माझ्याकडे बघतात, आणि त्यांच्या तोंडावर तेच येतं जे माझ्या तोंडावर ताट बघून येतं. त्यांना माझी किळस आलीय.

"तुला कुणी सांगितलं हुतं रं?"

"तुमचा जीव अडकला होता ना कामात. मी बोललो आणि कावळा शिवला."

"कामात!" दादा भिंतीवर थुंकतात, त्या पिंकांच्या शेजारी. "आरं, त्या कामातनं सुटायला मला मरावं लागलं आणि तू ते परत जित्तं केलंस? वर माझं नाव लावून?"

"पण कावळा..."

"कावळा! तू शब्द दिलास तवाच पाटकरचा फोन वाजला का न्हाई? आठव."

आठवतं. वाजला होता.

"तो बोलायला लांब गेला. साहेब सरकला म्हणून त्याच्या मागनं तुम्ही समदी सरकला. पिंडापाशी जागा झाली, कावळा उतरला. येवढा घोळका उभा असल्यावर कुठलं पाखरू येईल खाली?"

"मग तुम्ही? तुमची काय इच्छा राहिली होती?"

"मी न्हवतोच तिथं."

"कुठं होता?"

दादांचा चेहरा एकदम मऊ होतो. "झोपलो हुतो. मेल्यापास्नं झोपलोच हुतो मी. तुम्ही तिकडं उन्हात उभं राहून काय काय कबूल करत हुता, त्यातलं एक अक्षर मला ऐकू आलं न्हाई. बायकोला सांग, त्यो निवांत झोपलाय. भावाला सांग, पोरीला आधी शिकू दे."

मला राग येतो. इतका राग की डोळ्यांत पाणी येतं. म्हणजे मी कुणासाठी मरतोय? झोपलेल्या माणसासाठी? तो तर घोरत होता! मला त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटतं, पण हात पुढे केला तर हातात त्यांच्या ओल्या शर्टाऐवजी काहीतरी कोमट, चिकट येतं. भात आहे. माझ्या मुठीत भात आहे.

आम्ही परत घाटावर आहोत. सगळे अर्धगोल करून उभे. मध्ये पत्रावळ, तिच्यावर पिंड. आणि पिंडात, अर्धा रुतलेला, तो फोन. कव्हर पिवळं, कडेला हळद.

"हा कुणाचा?" मी दादांना विचारतो.

"बघ की कोण कोण आलंय."

उज्ज्वला उभी आहे. तिच्या कपाळाला कुंकू नाही.

झाडावर कावळा बसलाय, एकच. मान वाकडी करून बघतोय. उतरत नाही. पाटकरसाहेब पुढे येतात, हात जोडतात. "तोडकर, तुझं काम आम्ही कांबळेकडे दिलंय. निश्चिंत जा." कांबळेच्या मिशीतली साय थरथरते. कावळा हलत नाही. त्या बाई म्हणतात, "आम्ही तुमच्या नावाने हसू." कावळा मान फिरवतो.

"काय राहिलं होतं हो यांचं?" उज्ज्वला विचारते. ती इकडेतिकडे बघते, ऑफिसच्या लोकांकडे बघते. "कुणाला काही बोलले होते का? मला तर काहीच माहीत नाही. ते हल्ली बोलतच नव्हते."

कुणाला माहीतच नाही. मला ओरडावंसं वाटतं, पण तोंडात पितळेची चव आणि काहीतरी चिकट साकळलंय.

"बोल की लेका," दादा माझ्या कानाशी म्हणतात. "दुसऱ्या कुणाला कसं ठावं असंल? इथं तुलाच सांगाय लागतंय."

"मी बोललो तर तुम्हाला दिलेला शब्द मोडेल."

"माझा कसला शब्द? मला मिळालाच न्हाई त्यो. तुझा तुला घे परत."

मी तोंड उघडतो. मला वाटतं, काहीतरी मोठं निघेल. मुलगा व्हायला हवा होता, घर बांधायचं होतं, असलं काहीतरी. पण निघतं ते असं:

"मला जेवायचंय. मेथीची भाजी खायचीय आणि ती मेथीसारखी लागायला हवी. जेवताना कुणी फोन करायचा नाही. मग उज्ज्वलाबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत जायचंय आणि येऊन झोपायचंय. एवढंच. साळोख्यांचं काम मी करणार नाही. करणार नाही!"

शेवटचं मी इतक्या जोरात ओरडतो की बाईंचं हसणं थांबतं. कावळा पंख उघडतो. दादा केव्हाच वळलेत आणि घाटावरून चालत निघालेत, हात मागे बांधून, जेवलेल्या माणसाच्या चालीने. काळं काहीतरी झपकन खाली येतं आणि काचेवर चोच बसल्याचा आवाज होतो. टक.

टक. टक.

डोळे उघडतो. पंखा कुरकुरतोय. शर्ट घामाने पाठीला चिकटलाय, उशीवर लाळ सांडलीय. आवाज बाल्कनीतून येतोय. मी मांडीखाली हात घालतो, फोन तिथं नाही.

बाल्कनीच्या कठड्यावर आहे. आणि त्यावर कावळा, एक पाय कव्हरवर, चोचीने काचेवर ठोकतोय. मी दाराशी येतो तरी उडत नाही. आणखी एकदा ठोकतो, पिचकारी सोडतो आणि मगच जातो. फोनच्या पाठीवर पांढरा, ओला ओघळ. दादांची हळद त्याखाली गेलीय.

"उज्ज्वला, हा फोन इथं तू ठेवलास?"

ती आतून डोळे चोळत येते. कपाळावर टिकली आहे. मी ती नको तितका वेळ बघत राहतो.

"मी त्या घाणेरड्याला हात लावते होय? शी, काय केलंय बघा कावळ्याने!"

आणि फोन वाजतो. पाटकरसाहेब. मी दोन बोटांत कडेने धरून उचलतो आणि पहिल्यांदाच मला त्या फोनवरची घाण कशाची आहे हे नेमकं माहीत असतं.

"काय तोडकर, ठरलं ना मग? सोमवारपासून..."

"नाही साहेब. दादांचं काम मी करणार नाही. फोन उद्या तुमच्या टेबलावर ठेवतो."

साहेबांचा आवाज खाली येतो, समजुतीचा. "असं कसं? घाटावर सगळ्यांसमोर शब्द दिलायस तू त्यांना. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द आहे."

"त्यांनी परत दिला," मी म्हणतो. साहेब विचारतात कधी. मी सांगतो, आत्ताच, जेवल्यावर. मी फोन बंद करतो. नुसता ठेवत नाही, बटण दाबून पुरता बंद करतो. काच काळी होते.

उज्ज्वला माझ्याकडे बघतेय. रडेल की हसेल कळत नाही. ती हात पुढे करते आणि माझ्या गालावरून काहीतरी उचलते, जिथं आत्ता फोन टेकला होता.

"हे काय? भाताचं शीत. आणि तीळ आहे याला, काळा." ती बोटाच्या टोकावर धरून बघते. "आज घरात भात कुठं शिजवला मी? भाकरी केली होती ना?"

ती ते झटकून टाकायला जाते. मी तिचं मनगट धरतो. शीत पांढरं आहे, मऊ, अजून किंचित ओलं. मी ते अगदी जवळून बघतो आणि वाट बघतो, पोटात आता ढवळेल म्हणून.

ढवळत नाही. मी ते तिच्या बोटावरून घेऊन कठड्यावर ठेवतो, आणि विचारतो मेथी उरलीय का.